दुसऱ्या खेपेचा सोबती

चिखली भागात मनाच्या दुखण्याची वाट आधी सैलानीला जाते. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर होळीला नारळांची होळी पेटते, लांबलांबून माणसं येतात, आणि त्यात ‘बाहीरचं झालं’ म्हणून आणलेलीही पुष्कळ असतात. मनोविकारांच्या क्षेत्रातला कार्यकर्ता असूनही तिथं जाणाऱ्यांना मी हसत नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूरला. नागपूर आमच्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर. सैलानी हाकेच्या अंतरावर, आणि तिथं कुणी केसपेपर मागत नाही.

चिखली तालुक्यातच पळसखेड सपकाळला आरती आणि नंदकुमार पालवे या जोडप्यानं सेवासंकल्प प्रतिष्ठान उभं केलं. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, आंघोळ घालायची, केस कापायचे, औषध सुरू करायचं आणि पत्ता लागला तर घरी पोचवायचं. त्यांच्याकडं बघून गावोगावची पोरं विचारतात, ‘सर, आम्ही काय करू?’ सगळ्यांनी आश्रम काढायची गरज नसते.

बहुतेक ठिकाणी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, रॅली निघते, रांगोळी काढली जाते, फोटो स्टेटसला लागतो. त्याला माझा विरोध नाही. पण ‘मोकळं बोला’ असं सांगून झाल्यावर माणूस खरंच बोलला, तर पुढं काय? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं याचं उत्तर शोधलं होतं. तिथं गावातलीच माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघर गेली आणि मागं डॉक्टरांचा आधार ठेवला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आला. आपल्या विदर्भातला आकडा आहे, म्हणून मी तो पोरांना पाठ करायला लावतो.

खरी मेख मात्र गोळीत आहे. नैराश्याच्या औषधाचा त्रास पहिल्या आठवड्यात होतो. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. म्हणजे तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, मळमळतं, आणि मन होतं तिथंच. सोयाबीन काढणीला आलेल्या माणसाला ही उधारी परवडत नाही. ‘गोयी घेतली की दिवसभर झोप येते, फरक काहीच नाही,’ असं म्हणून तो पाकीट आढ्याला खोचतो. पुढच्या तारखेला बुलढाण्याला कोण जातो?

इथं पोरगा लागतो. मी पाहिलेल्या एका पोरानं शेजारच्या काकांच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटावर, प्रत्येक गोळीमागं बॉलपेननं तारीख लिहिली होती. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, पाकीट बघायचं, सोयाबीनच्या भावावर बोलायचं. समुपदेशनाचा आव नाही. काका फेरतपासणीला त्याच्या गाडीवर मागं बसून आले, तेव्हा घरच्यांनी लोकांना ‘बीपी दाखवायला गेलते’ असंच सांगितलं. सांगू द्या. गोळी पोटात जाते हे महत्त्वाचं.

प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो, तोही दबक्या आवाजात: ‘तो जीव द्यायचं म्हणला तर?’ सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट ओझं उतरतं. त्याला एकटं सोडू नका. ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घातली तरी पाळू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा. श्रीलंकेनं जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या झपाट्यानं उतरल्या. ‘टेलीमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये ठेवा, तो २०२२ पासून चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं. कुणी तसा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या धाकानं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरतं, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं.

एवढं शिकलेला पोरगा डॉक्टर होत नाही, आणि त्यानं होऊही नये. दोन माणसं सांभाळली की त्याचीच झोप उडते. म्हणून एकट्याला काम देत नाही, जोडी लावतो. पेट्रोलचे पैसे अजून तीच पोरं खिशातून घालतात. आशाताईंना निदान मानधन तरी आहे. यांचा खर्च ग्रामपंचायतीनं उचलावा, हे मी भेटेल त्या सरपंचाला सांगत असतो.