दुसऱ्यांदा सिसिली

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला सिसिलीचं नाव नवं नसतं. भूगोलाच्या तासाला ते इटलीच्या बुटाच्या टोकाशी असलेलं तिकोनी बेट असतं. उर्दूच्या तासाला तेच बेट ‘सिक्लिया’ होतं आणि मास्तरांचा आवाज जड होतो. अल्लामा इक्बाल १९०८ साली युरोपातून बोटीने परत येत होते. वाटेत सिसिलीचा किनारा दिसला आणि त्यांनी एक नज्म लिहिली. ‘बांग-ए-दरा’त ती आहे. अरबांच्या हातून गेलेल्या बेटावरचा तो मर्सियाच म्हणायचा. आम्ही ती वर्गात वाचायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. ती समजून गप्प होतात की आमचा चेहरा पाहून, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ते बेट डोळ्यांनी बघायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. मास्तरकीच्या पगारात माणूस फार तर अजमेर शरीफला जाऊन येतो. पण आमचा धाकटा मेव्हणा माल्टाला नोकरीला लागला, बेगमची भिशी लागली आणि २०२२ च्या मे महिन्यात, ईद झाल्यावर, आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. माल्टाहून सिसिलीच्या पोझाल्लो बंदराला बोटीने दोन तासांच्या आत पोहोचता येतं. एवढ्या जवळ आल्यावर कोण थांबतो?

त्या वेळी आम्ही पालेर्मोत चार दिवस होतो आणि चारही दिवस आपलं गेलेलं धन मोजल्यासारखे फिरलो. इतिहास तोंडपाठ होता. ८२७ साली मझाराजवळ अरब फौज उतरली, ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं, ९०२ मध्ये ताओर्मिना. मग १०६१ पासून नॉर्मन आले आणि १०९१ पर्यंत सगळं बेट त्यांनी घेतलं. गंमत अशी की या नॉर्मन ख्रिस्ती राजांनी अरब कारागिरांना हाकललं नाही, कामाला लावलं. दुसऱ्या रॉजरच्या राजवाड्यातल्या चॅपेलचं लाकडी छत मशिदीच्या मुकर्नसासारखं आहे आणि त्यावर कुफी अक्षरं आहेत. मोठ्या कथीड्रलच्या दारापाशी एका खांबावर कुरआनाची आयत कोरलेली आहे. ‘झीसा’ नावाचा महाल म्हणजे मूळचा ‘अल्-अझीझा’. पालेर्मो, मोनरेआले आणि चेफालू इथल्या अशा इमारतींना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

आम्ही प्रत्येक अक्षर वाचत होतो, फोटो काढत होतो, उसासे टाकत होतो. बेगम मात्र दुसऱ्या दिवशीच कंटाळल्या. एका बाकावर बसून म्हणाल्या, “तुम्ही वाचा. मी इथं वास घेत बसते.” लिंबू-संत्र्याच्या मोहोराचा तो शेवटचा भर होता. तिथले लोक त्या फुलाला ‘झागरा’ म्हणतात. तो आपला ‘झह्र’, म्हणजे फूल. हे आम्हाला तेव्हा माहीत होतं, पण खांबावरच्या आयतीपुढे त्याची किंमत वाटली नाही.

परत आल्यावर शाळेत आमचं भाषण झालं. पडद्यावर फोटो दाखवले. झीसा महालात पाण्याचं कारंजं होतं, पाणी दालनातून खेळवत बाहेरच्या तळ्यात नेलं होतं, हे सांगितलं. शेवटी म्हणालो, “बच्चो, हे सगळं आपलं होतं.” टाळ्या पडल्या. मग सातवीतला एक मुलगा उभा राहिला. त्याचं घर बेगमपुऱ्याकडे, नहरीच्या एका पडक्या मनोऱ्याला लागून. त्याने विचारलं, “सर, अपनी नहर का पानी किधर गया?”

आम्ही म्हणालो, “कल बताएंगे.” आणि सांगितलं नाही. सांगायला आमच्याकडे काही नव्हतंच.

वाचकांना थोडं सांगायला हवं. मलिक अंबरने १६१० साली खडकी म्हणून वसवलेलं, पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेलं आमचं शहर. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याने डोंगरातलं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उतारावर, शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. इतर नहरीही पुढे झाल्या. पाणचक्की त्यांतल्याच एकीवर चाले. आज शहर पितं ते जायकवाडीचं पाणी, आणि आमच्या गल्लीत ते आठवड्यातून एकदा येई. ज्या रात्री पाणी येई त्या रात्री गल्लीतलं कोणी झोपत नसे.

दुसऱ्यांदा जाणं झालं ते मेव्हण्याच्या बाळाच्या अकीक्यामुळे, २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत. बेगमनी आधीच बजावलं, “यावेळी पत्थर बघायचे नाहीत. शेतं बघायची.” आम्ही कबूल झालो. सातवीतला तो पोरगा आता नववीत गेला होता आणि रोज प्रार्थनेला समोर दिसत होता.

सिसिलीला उन्हाळ्यातच जायचं असतं, अशी एक समजूत आहे. तिकडच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! २०२१ च्या ११ ऑगस्टला सिराकुझाजवळ पारा ४८.८ अंशांवर गेला. युरोपात नोंदलेलं ते सर्वाधिक तापमान. खरं तर त्या बेटाला प्रत्येक मोसमाचा आपला बहर आहे. फेब्रुवारीत आग्रीजेंतोच्या देवळांभोवती बदामाची झाडं फुलतात, मग त्यांचा उत्सव होतो. मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारच्या सुमाराला नोतो गावात अख्ख्या रस्त्यावर पाकळ्यांचे गालिचे घालतात. सप्टेंबरात सान व्हितो लो कापोला कुसकुसचा मेळा भरतो. ब्रोंतेचे पिस्ते एक वर्षाआड, विषम साली उतरवतात. मधल्या वर्षी झाडाला विसावा. नोव्हेंबरात जैतुनाची झोडणी. आणि हज करून परतणाऱ्या इब्न जुबैरचं जहाज ११८४ च्या डिसेंबरात मेस्सिनापाशी फुटलं तेव्हा तो हिवाळाच होता. त्याने पालेर्मो पाहिलं, पुढच्या जहाजाची वाट पाहत त्रापानीत ईद केली आणि सगळं लिहून ठेवलं. आमच्याआधी आठशे चाळीस वर्षं एक हाजी बिनमोसमाचाच तिथं पोचला होता, एवढ्यानेच आम्हाला बरं वाटलं.

यावेळी पालेर्मोत आम्ही जमिनीच्या वर कमी आणि खाली जास्त होतो. शहराखाली कनात आहेत. अरबांनी आणलेल्या विद्येने खणलेले पाण्याचे बोगदे. डोक्यावर टोप, पायांत गमबूट घालून वाटाड्याबरोबर उतरायचं. आत गुडघ्याच्या आसपास थंडगार पाणी, भिंतीवर कुदळीचे घाव. उतार इतका हलका की पाण्यालाच तो कळतो. वर सिरोक्को नावाचा आफ्रिकेकडचा गरम वारा सुटला की जुने श्रीमंत लोक अशाच कनातीलगतच्या तळघरात जाऊन बसत. एका कनातीला जेझुइट पाद्र्यांचं नाव आहे, कारण पुढे ती त्यांच्या ताब्यात होती. आम्ही बेगमना कुजबुजलो, “विद्या अरबांची आणि नाव पाद्र्यांचं!” बेगम म्हणाल्या, “नाव ज्याने साफ ठेवली त्याचं.” त्या अंधारात आम्ही पुढे काही बोललो नाही.

२ नोव्हेंबरला तिथं मृतांचा दिवस असतो. लोक कब्रस्तानात फुलं घेऊन जातात आणि लहान मुलांना गेलेल्या आजी-आजोबांकडून म्हणून मिठाई मिळते. साखरेच्या बाहुल्या, बदामाच्या पिठाची रंगवलेली फळं. दुकानं त्यांनी भरली होती. बेगमना शब-ए-बरात आठवली, आम्हाला अब्बांची कब्र आणि घरचा हलवा. या बेटावर ऊस अरबांनी आणला, हे सांगायला आम्ही तोंड उघडलं होतं. पण समोर एक आजीबाई नातवाला साखरेचा घोडेस्वार घेऊन देत होत्या. हे सांगून आम्ही काय मिळवणार होतो?

तिथून आग्रीजेंतोला गेलो. त्या वर्षी सिसिलीत मोठा दुष्काळ होता. मे २०२४ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली होती, आणि एन्नाजवळचं पेर्गुझा सरोवर उन्हाळ्यात आटून गेलं होतं. आग्रीजेंतोत पाणी पाळीने मिळत होतं. आम्ही उतरलो त्या घराच्या गच्चीवर निळ्या टाक्या होत्या, न्हाणीघरात भरलेली बादली आणि मग. बेगम म्हणाल्या, “हे तर आपलंच घर!” रात्री दोनला कुठेतरी मोटार घुरघुरली. आम्ही दोघे सवयीने उठून बसलो. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घरातही दिवा लागला होता आणि एक बाई हंड्यासारखं भांडं नळाखाली धरून उभी होती. सिसिलीत सर्वांत जास्त ‘आपलं’ वाटलं ते त्या घटकेला.

आग्रीजेंतोच्या ग्रीक देवळांमधल्या एका घळीत कोलिंबेत्रा नावाची बाग आहे. ती बघायला म्हणून एक सकाळ गेली. संत्री, लिंबू, जैतून, बदाम, डाळिंब. वर कोरडे डोंगर आणि खाली हिरवा पट्टा. पाणी येतं ते टेकडीच्या पोटातल्या बोगद्यातून. ते बोगदे इसवीसनाआधी पाचव्या शतकात ग्रीकांनी खोदवले. झाडांना पाणी द्यायची रीत अरबांची. मधल्या काळात बाग उजाड झाली होती. १९९९ साली एका वारसा-संस्थेने ती हाती घेऊन झाडं आणि पाट पुन्हा जिवंत केले.

तिथं एक म्हातारा माळी हातात फावडं घेऊन पाणी फिरवत होता. आम्ही फोनमधल्या दुभाष्याच्या मदतीने बोललो, पण पाण्याचे शब्द आले तसा फोन खिशात गेला. त्याने हौदाकडे बोट केलं, “जेब्बिया.” अरबीत ‘जाबिया’. पाटाकडे बोट केलं, “साया.” आमची ‘साकिया’. पूर्वी विहिरीवर रहाट होता असं हाताने गोल करून दाखवलं, “सेनिया.” अरबी ‘सानिया’. त्याने मातीचा बांध फावड्याने फोडला, एका आळ्यात पाणी सोडलं, आळं भरताच तो बुजवून पुढचा फोडला. आमच्या नानांच्या शेतात बारं देताना हेच होई. बेगमनी खुणेने विचारलं की उन्हाळ्यात काय करता? तेव्हा त्याने लिंबाची गोष्ट सांगितली. काही बागांत लिंबाला ऐन उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाड सुकू लागतं. मग एकदम भरपूर पाणी देतात आणि ते अवेळी मोहरतं. त्याची फळं पुढच्या उन्हाळ्यात हिरवीच उतरतात. बेगम हसल्या. जालन्याकडे मोसंबीला हाच ‘ताण’ देतात.

निघताना त्याने काचेच्या बरणीतले खारवलेले जैतून पुढे केले. बरणीला काय म्हणता, असं आम्ही विचारलं. “बुर्निया.” अरबीत ‘बर्निय्या’. आपली बरणी याच घराण्यातली. ज्या शब्दात घरोघरी लोणचं मुरतं तो अरबी असेल, हे आम्ही मराठीत किती वेळा लक्षात घेतो? त्यालाही ते माहीत नव्हतं. आम्ही सांगितल्यावर तो म्हणाला, त्याच्या आजीचा शब्द आहे. दुष्काळाबद्दल विचारलं तर हात पसरून म्हणाला, “मिस्किनी!” म्हणजे आम्ही बिचारे. हा शब्द समजायला कोणालाच फोन लागला नाही.

परतीच्या बोटीवर आम्ही हिशेब मांडत होतो. फौज, किल्ला, तख्त यांतलं काही राहिलं नाही. उरलेल्या मुसलमानांना तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकने बेटावरून उठवून इटलीतल्या लुचेराला नेलं आणि १३०० साली ती वस्तीही मोडली गेली. हे दुःख खरंच आहे, इक्बालांची नज्म खोटी नाही. पण जे राहिलं ते कोणी ‘आपलं’ म्हणून जपलं नव्हतं. ते रोज कामाला येत होतं म्हणून राहिलं. हौद गळला की कोणीतरी लिंपला. आणि इथं आमच्या शहरात कोणी आमची नहर हिरावून नेली नव्हती. तिच्यावर घरं आम्हीच बांधली, तिच्यात कचरा आम्हीच टाकला, आणि उसासे टाकायला सिसिलीला गेलो.

सुट्टीनंतर पहिल्या शनिवारी आम्ही नववीच्या मुलांना घेऊन बेगमपुऱ्याकडे गेलो. त्या मुलाच्या घरामागचा मनोरा प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेला होता. मुलांनी दोन तासांत अकरा पोती काढली. मोहल्ल्यातले लोक आधी हसत होते. मग एकाने फावडं आणून दिलं आणि एका चाचींनी चहा. तळाशी ओल लागली. पाणी नव्हतं, पण पलीकडच्या दगडाला कान लावला तर आतून बारीक आवाज येत होता. मुलांनी पाळीपाळीने कान लावले.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, “तू दो साल पहले पूछा था.” तो म्हणाला, “सर, मैं तो भूल गया था.”

आम्ही विसरलो नव्हतो एवढंच. यंदा इक्बालांची नज्म आम्ही पुन्हा वाचू, आवाज जड होईल तर होऊ देऊ. पण त्यानंतरचा तास नहरीजवळ घेऊ आणि फावडी सोबत नेऊ.