त्रुसोची खूण

गेल्या चातुर्मासांत आमच्या थोरल्या बंधूंच्या पोटरीची एक शीर दोरीसारखी टणक होऊन दुखूं लागली. आठवड्यानें तें दुखणें निवळलें, तों उजव्या दंडांतील शीर तशीच धरली. "वात फिरतो आहे," असा निर्णय आम्हीं घरबसल्या दिला व तेल चोळण्याचा उद्योग आरंभिला. त्यांचें वजन उतरत होतें, अन्नावरची वासना उडाली होती. परंतु तें सारें आम्हीं वयाच्या खातीं मांडून ठेविलें होतें.

एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं ह्या सुट्या रकमांची बेरीज केली. गुठळी सुटून फुप्फुसांत जाण्याचें भय सांगून त्यांनीं चोळणें तत्काळ बंद करविलें, आणि प्रश्न विचारिले ते पोटाविषयीं. आम्हांस तें विषयांतर वाटलें. पुढें तपासणींत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला.

मागाहून आम्हीं वाचलें, कीं कांहीं कर्करोगांत रक्त सहज गोठूं लागतें. त्यामुळें शिरांत गुठळ्या होतात, एके जागीं विरतात व दुसरीकडे उमटतात. हा संबंध पॅरिस येथील आर्मां त्रुसो ह्या वैद्यानें १८६५ सालीं सांगितला. १८६७ सालीं तीच खूण त्याला स्वतःच्या हातावर दिसली. तिचा अर्थ त्याला कोणीं सांगावयास नको होता. त्याच वर्षीं तो कर्करोगानें वारला.

प्रत्येक दुखऱ्या शिरेमागें कर्करोग पाहणें हें भय होय, निदान नव्हे. शीर, वजन आणि भूक ह्यांस एकत्र पाहणें हें निदान. हेपारिनच्या सुयांनीं बंधूंच्या नव्या गुठळ्या थांबल्या. मूळ रोग मात्र हटला नाहीं. पांच महिने मिळाले. तेवढ्यांत त्यांनीं देणींघेणीं मिटविलीं आणि रुसलेल्या बहिणीस आपण होऊन पत्र लिहिलें.

एके सायंकाळीं ते हंसून म्हणाले, "तूं पोरांना कविता वाचायला शिकवतोस. एका ओळीचा अर्थ दुसरीवरून लावावा म्हणतोस. मग माझ्या बाबतींत रे कसा चुकलास?"

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. अद्यापही सुचत नाहीं. वर्गांत कविता उघडतांना हल्लीं आमचा आवाज पूर्वीइतका ठाम राहत नाहीं, एवढें खरें.