सर्वंकष परीक्षा

सोनार सोन्याचा कस पाहतो तेव्हां सारा दागिना मुशींत घालून वितळवीत नाहीं. कसोटीच्या काळ्या दगडावर तो त्याची एक रेघ ओढतो आणि तेवढ्यावरून साऱ्या दागिन्याचा निवाडा देतो. संस्कृतांत 'कष' म्हणजे घासणें, आणि 'कष' म्हणजे कसोटीचा दगडहि. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांत एम. ए.च्या अभ्यासाअखेर जी एक परीक्षा घेण्याची चाल आहे, तिला मराठींत सर्वंकष परीक्षा म्हणणें या दृष्टीनें मोठें अन्वर्थक वाटतें. नांव सर्वांस घासण्याचें, आणि प्रत्यक्षांत ओढावयाची ती एकच रेघ! एका रेघेवरून माणसाच्या विद्येचा निवाडा करणें कितपत न्याय्य, हा प्रश्न त्या नांवांतच दडलेला आहे.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष जाण्यास घरचेंच एक कारण घडलें. आमची पुतणी एका साखर कारखान्याच्या परिसरांतील शाळेंत नऊ वर्षें गणित शिकवीत होती. पुढें कर्ज काढून ती शिक्षणशास्त्राच्या एम. ए.साठीं अमेरिकेंत गेली. तेथें तिनें प्रत्येकीं तीन क्रेडिटांचे बारा अभ्यासक्रम पुरे केले आणि बाराहि वेळां उत्तम श्रेणी मिळविली. एवढें झाल्यावर तिनें कळविलें कीं, अजून एक परीक्षा उरली आहे. ती देण्याची संधि फार तर दोनदां, आणि दोन्ही वेळां अपयश आलें तर पदवी नाहीं. आमच्या दादांनीं हें ऐकून कपाळावर हात मारला. "बारा वेळां पास झालेल्या पोरीला तेराव्यांदा कशाला तपासायची?" असें ते म्हणाले. प्रश्न बापाचा होता, परंतु त्यांत तर्कहि होता.

या तर्काला तेथील उत्तर असें आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाची परीक्षा तो शिकविणारा अध्यापकच घेतो, आणि आपण शिकविलें तेवढेंच विचारतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत जॉन ड्यूई, मानसशास्त्राच्या वर्गांत व्हिगोट्स्की, मापनाच्या वर्गांत सप्रमाणता आणि विश्वसनीयता, असे बारा कप्पे भरतात. पण एका कप्प्यांतील वस्तु दुसऱ्यांत कामीं येते कीं नाहीं, हें पाहणें कोणा एकाचें काम नसतें. तें काम या परीक्षेचें. ती घेण्याच्या रीति विद्यापीठागणिक निराळ्या. कोठें विद्यार्थ्यास कांहीं तास एका खोलींत बसवून लिहावयास लावतात; कोठें प्रश्न घरीं नेऊन ठराविक दिवसांत उत्तरें आणून देण्याची मुभा असते; कोठें दोन-तीन अध्यापकांच्या समितीसमोर तोंडी परीक्षा होते. बहुधा जो प्रबंध लिहीत नाहीं त्यालाच ही परीक्षा द्यावी लागते. अलीकडे कित्येक ठिकाणीं तिच्या जागीं विद्यार्थ्याच्या निवडक कामाचा संग्रह किंवा एखादा अखेरचा प्रकल्पहि स्वीकारतात.

आमच्या पुतणीची परीक्षा लेखी आणि तोंडी अशी दोन्ही होती. शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाची परीक्षा न्याय्य कशी करावी, असा लेखी प्रश्न होता. तिनें ग्रंथकारांच्या आधारानें नीटनेटकें उत्तर लिहिलें. तोंडी परीक्षेंत समितींतील एका वृद्ध बाईंनीं तें वाचून विचारलें, "हें सारें ठीक, पण तुमच्या वर्गांत असें मूल होतें का?" दूरध्वनीवर हें सांगतांना ती म्हणाली, "काका, नऊ वर्षें मी शिकवलं, दोन वर्षें इथं शिकले. पण ही दोन्ही एकत्र आणा असं मला कुणी म्हटलंच नव्हतं."

तिच्या वर्गांत असें मूल होतें. ऊसतोडीच्या हंगामांत मराठवाड्यांतून आईबापांबरोबर आलेला, घरीं गोरमाटी बोलणारा एक मुलगा गणिताच्या कागदावर कांहींच लिहीत नसे. पण तेंच उदाहरण त्याला सोप्या बोलीत वाचून दाखविलें कीं उसाच्या मोळ्यांचा हिशेब तो क्षणांत तोंडीं करी. तिनें समितीला हें सांगितलें आणि बोलतां बोलतां तिचें तिलाच उमगलें कीं, हाताशीं कोणी असतांना मूल जें करूं शकतें तें पाहा, असें व्हिगोट्स्की सांगतो तें हेंच. आणि गणिताच्या नांवाखालीं भाषाच मापणारी ती प्रश्नपत्रिका सप्रमाण नव्हती, हें मापनशास्त्रहि हेंच. दोन कप्प्यांमधील भिंत त्या खोलींत पडली. ती उत्तीर्ण झाली याचा आनंद घरांत सर्वांस झाला; आम्हांस त्या भिंतीचा अधिक झाला.

या कल्पनेला तेथें जुना इतिहास आहे. रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असतांना 1931 सालीं शिकागो विद्यापीठानें आपल्या महाविद्यालयांत वर्गांतील हजेरी व जमा क्रेडिटें यांच्याऐवजीं सर्वंकष परीक्षांवर भर दिला आणि शिकविणाऱ्यांहून निराळें असें परीक्षामंडळ नेमलें. याच मंडळांत पुढें परीक्षक असलेल्या बेंजामिन ब्लूम यांनीं सहकाऱ्यांसह 1956 सालीं शैक्षणिक उद्दिष्टांचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्यांत स्मरणाची पायरी सर्वांत खालीं असून संश्लेषण व मूल्यमापन हीं वर आहेत. पुढच्याच वर्षीं ब्लूम परीक्षासुधारणेच्या कामीं हिंदुस्थानांत आले होते. आज आमच्या बी. एड.च्या वर्गांतून त्यांच्या सहा पायऱ्या विद्यार्थी तोंडपाठ करतात. स्मरणाला तळाशीं बसविणाऱ्याचें नशीब असें कीं, त्याचें वर्गीकरणहि स्मरणानेंच पार पाडलें जावें!

आमच्याकडील व्यवस्था पाहिली तर कप्पे येथेंहि वाढलेच आहेत. 2014 च्या नियमांनीं एम. एड. दोन वर्षांचें झालें. त्यांत प्रबंध आहे, ही समाधानाची गोष्ट. पण एरवीं सत्रपद्धतींत एका सत्राचा विषय परीक्षा होतांच मागें पडतो आणि पुढें त्याची कोणी चौकशी करीत नाहीं. साऱ्या विषयाची एकत्र परीक्षा म्हणावी तर ती प्राध्यापक होऊं इच्छिणाऱ्यांची नेट किंवा सेट; आणि तींत चार पर्यायांपैकीं एक निवडावयाचा. व्याप्ति तिला आहे; जोडणी दाखविण्यास जागा नाहीं.

सर्वंकष परीक्षेंत दोष नाहींत असें नाहीं. दोन वर्षांचें भवितव्य एका दिवसावर टांगणें क्रूर होऊं शकतें. परीक्षक लहरी असेल तर दाद कोठें मागावी हाहि प्रश्न आहे. घरीं नेऊन लिहावयाच्या उत्तरांवर, मागेल तसा निबंध यंत्र लिहून देऊं लागल्यापासून, पूर्वीइतका विश्वास ठेवतां येत नाहीं. यामुळेंच समोरासमोर बसून विचारण्याचें मोल आम्हांस वाढलेलें दिसतें. मिथिलेच्या पंडितांत शलाका-परीक्षेची रीति होती: पोथींत सळई खुपसावी, जें पान निघेल त्याचें विवरण विद्यार्थ्यानें करावें. तेथेंहि रेघ एकच. पण ती कोठें पडेल हें आधीं ठाऊक नसल्यामुळें सारी पोथी अंगीं मुरवावी लागे.

तेव्हां दोष एका रेघेचा नव्हे. ती कोठें ओढली याचा आहे. लाख भरलेल्या पोकळ दागिन्याची रेघ वरच्या पत्र्यावरच ओढली तर दगडहि फसतो. चांगला सोनार जेथें दोन तुकडे जोडलेले असतात तो सांधा आधीं पाहतो. कारण हिणकस डाक तेथेंच सांपडतो. विद्येचाहि कस जोडाच्या जागींच लागतो. तेथें विचारणारा कोणी असेल, तर तेरावी परीक्षा आधींच्या बारांस अर्थ देते. नसेल, तर तीहि त्यांच्यासारखीच आणखी एक होते.