बंदूक, उमेदवार आणि आपली अनुमोदना

मी शाळकरी असताना निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरातून बंदूक बाहेर जात असे. वडील ती जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करीत आणि तिची पावती ट्रंकेत, खातेवहीच्या पानांत जपून ठेवीत. निकाल लागून काही दिवस गेले की पावती दाखवून बंदूक परत आणीत. मते मागायला लोक घरी येतात तेव्हा घरात शस्त्र नसावे, असा काही संकेत असावा अशी माझी बालसमजूत होती. आज वाटते, ती समजूत फारशी चुकीची नव्हती.

जैन श्रावकाच्या घरी बंदूक कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. परतवाड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे वडिलोपार्जित शेत आहे. रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव तेव्हाही होता. वडिलांनी पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची एकनळी बंदूक घेतली होती. ते तिच्यात दारू आणि चिंधी ठासत, छर्रे कधीच भरत नसत. "आवाज झाला की काम झालं," असे ते म्हणत. अष्टमी-चतुर्दशीला ते तिला हातही लावीत नसत. वडिलांच्या पश्चात परवाना थोरल्या बंधूंच्या नावे झाला. २०२३ साली बंधू गेले, तेव्हा नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा झाली आणि घर पुन्हा निःशस्त्र झाले.

पुढच्याच वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, पुतण्या माझ्याकडे आला. वारस म्हणून परवाना आपल्या नावे व्हावा असा अर्ज त्याला करायचा होता आणि त्यासाठी इतर वारसांचे संमतीपत्र हवे होते. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. सही मागणाऱ्याला मी प्रथम कागद मागतो. कागदांत संमतीपत्राखाली आणखी एक मसुदा होता, तो एका उमेदवाराच्या शिफारसपत्राचा. पुतण्यासोबत आलेला कार्यकर्ता मोठ्या आपुलकीने म्हणाला, "काका, भाऊंचं पत्र लावून देतो. काम होऊन जाईल. तुम्ही फक्त सही करा."

"फक्त सही" हे शब्द मी नोकरीत असंख्य वेळा ऐकले होते. थकीत कर्जाची नोटीस हाती पडल्यावर जामीनदार शाखेत येत आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणत, "साहेब, मी फक्त सही केली होती." त्यांचे दुःख खरे असे, आणि सहीही खरी असे. मी त्या दोघांना चहा दिला, कागद ठेवून घेतले आणि निवडणूक संपेपर्यंत मुदत मागितली.

त्याच वर्षीचा उन्हाळा मी मुलीकडे न्यू जर्सीत काढला होता. तिथे अध्यक्षीय निवडणुकीचे वारे होते. एके दिवशी दुसरीत शिकणारी नात शाळेतून आली आणि सरावाची गोष्ट सांगू लागली. वर्गातले दिवे मालवायचे, दाराला कडी लावायची, सगळ्यांनी कोपऱ्यात जमिनीवर बसायचे आणि आवाज करायचा नाही. तिला तो खेळ वाटला होता. माझ्या मुलीने काही न बोलता तिच्या हातात दुधाचा पेला दिला. हा सराव कशासाठी असतो ते तिने मला रात्री, नात झोपल्यावर सांगितले. टेक्सासमधील युवाल्डी गावच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि २ शिक्षिका यांना ठार केले होते. त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेत बंदूक नियंत्रणाचा एक कायदा मंजूर झाला. अनेक दशकांनंतर या विषयावर तेथील दोन्ही पक्षांतील काही सदस्य एकत्र आले होते.

त्या देशात शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. म्हणून उमेदवाराला या प्रश्नावर भूमिका घ्यावीच लागते. नॅशनल रायफल असोसिएशन ही संघटना तर उमेदवारांना शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ए ते एफ अशी श्रेणी देते. २०२४ मध्ये तिने डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला. कमला हॅरिस यांनी आपल्याकडेही बंदूक आहे असे सांगत युद्धसदृश रायफलींवर बंदीची मागणी केली. मत देणाऱ्याला उमेदवार कुठे उभा आहे हे ठाऊक असते.

अचलपूरला परतलो तेव्हा आपल्याकडचा प्रचार रंगू लागला होता. सोयाबीनचा भाव, संत्र्याची गळ, बंद पडलेली फिनले मिल, शकुंतला रेल्वे, वेगळ्या जिल्ह्याची मागणी हे सारे विषय ऐकू येत होते, आणि ते रास्तच आहेत. बंदुकीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नव्हते. आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असे कोणी म्हणेल. पण माझ्या टेबलावर तर शिफारसपत्राचा मसुदा पडला होता.

म्हणून मी जरा मागे जाऊन वाचले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून मोकळे ठेवले. त्या अपमानाचा सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात पुढे, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट झाला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हाच हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली. ते आपल्याच मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला मनास येईल ते शस्त्र विकत घेण्याची मुभा असेल तर राज्य चालणार कसे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात नागरिकांच्या स्वातंत्र्यांची गणना करताना शस्त्राचा उल्लेख येतो, तो "शांततेने व विनाशस्त्र" एकत्र जमण्याच्या हक्कात. जे अमेरिकेत हक्क म्हणून लिहिले गेले, ते आपल्याकडे संयमाची अट म्हणून लिहिले गेले.

पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यात परवाना देण्यापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवण्याची तरतूद आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कोणाला परवाना नाकारता येत नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे वाचून मला बरे वाटले, कारण आम्ही बँकवाले तारणावाचून पुढे सरकत नाही. २०१९ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत, ती संख्या दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र सुचवले होते. लग्नाच्या वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत बेदरकारपणे गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणूक काळात आता सरसकट सर्वांची शस्त्रे जमा न करता जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक प्रकरण पाहते.

मात्र या सबंध कायद्यात उमेदवाराच्या शिफारसपत्राला कुठेही जागा नाही. तरी ते पत्र माझ्या टेबलावर होते.

आपल्याकडे उमेदवाराची बंदूक भाषणात दिसत नाही, ती शपथपत्रात दिसते. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला आपली मालमत्ता आणि फौजदारी प्रकरणे जाहीर करावी लागतात. ताळेबंद वाचण्याची माझी जुनी खोड असल्याने मी ही शपथपत्रे वाचतो. सोने, वाहने, विमा पॉलिसी यांच्याबरोबर कधी कधी रिव्हॉल्व्हर आणि त्याची किंमतही लिहिलेली असते. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या २०२२ च्या शपथपत्रात एक लाखाचे रिव्हॉल्व्हर आणि ८० हजारांची रायफल यांची नोंद आहे. यात बेकायदा काहीच नाही. उलट, नोंद करणे हेच कायद्याचे पालन आहे. पण शपथपत्रात उमेदवाराकडे किती शस्त्रे आहेत एवढेच कळते. त्याने किती जणांच्या परवान्यासाठी शब्द टाकला, याचा रकाना त्यात नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि महाराष्ट्र हादरला. ती हत्या गोळीने झालेली नव्हती. पण तिच्या निमित्ताने शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे जाहीर केले. परभणीत ३२, अमरावती ग्रामीणमध्ये २४३ आणि एकट्या बीडमध्ये १२२२ परवाने. आमचे अचलपूर अमरावती ग्रामीणमध्येच येते. वाघ-अस्वलांचे मेळघाट ज्याच्या कुशीत आहे त्या भागात २४३, आणि जंगल नावालाच असलेल्या बीडमध्ये त्याच्या पाचपट. शाखा तपासणीस गेलो असताना एखाद्या खात्यात असा फरक आढळला असता, तर ही कर्जे मंजूर कोणी केली आणि शिफारस कोणाची होती, हेच मी प्रथम विचारले असते.

त्याच वर्षीच्या ८ फेब्रुवारीला मुंबईत दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली होती. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील असल्याचे तपासात पुढे आले. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. ही बातमी वाचताना मला स्वाध्यायातील एक शब्द आठवला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे हिंसादान, अर्थात हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. कर्म तर तीन वाटांनी बांधले जाते. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि अनुमोदिलेले. शिफारसपत्र देणारा उमेदवार तिसऱ्या वाटेवर असतो. संमतीपत्रावर सही करणारा काकाही त्याच वाटेवर असतो, हे मला टाळता येईना.

जानेवारीत पुतण्याला बोलावले. मी हे सारे सांगू लागलो तेव्हा त्याने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होते. मी वावरात आहे. तूर भरली की एक रात्र झोप नसते. जागलीला तुम्ही एकदा तरी आले का?"

मी गेलो नव्हतो. त्या आठवड्यात गेलो. मचाणावर थंडीत बसलो. पहाटे तीनच्या सुमारास रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरला. पुतण्याने पत्र्याचा डबा बडवला, बॅटरी फिरवली, घसा फुटेस्तोवर ओरडला. कळप गेला, अर्ध्या तासाने परत आला. सकाळी आम्ही धुऱ्यावरून चालत गेलो आणि तुडवलेल्या ओळी त्याने मला मोजून दाखवल्या. माझ्या अहिंसेचा खर्च आजवर हा मुलगा भरीत होता, हे त्या सकाळी ध्यानात आले. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र सोडलीच पाहिजे, हे आपले शास्त्र शेतात उभे राहून वाचले की निराळे वाचले जाते.

आम्ही तेथेच बसून ठरवले. उमेदवाराचे पत्र लावायचे नाही. अर्ज सरळ मार्गाने जाऊ द्यायचा, पोलिसांची चौकशी होऊ द्यायची, आणि त्यांनी नाकारला तर रुसायचे नाही. परवाना मिळालाच तर तो आवाजापुरता. तसेही वनविभागाच्या परवानगीवाचून रोही मारता येत नाही. या अटींवर मी संमतीपत्रावर सही केली. माझ्या मुदत ठेवीतून सौर कुंपणासाठी, ज्याला आमच्याकडे झटका मशीन म्हणतात, अर्धी रक्कम दिली. ते पुतण्याला कर्ज नव्हते, माझी इतक्या वर्षांची थकबाकी होती. सही करताना माझा हात मोकळा नव्हता, हेही येथे नोंदवतो.

कार्यकर्त्याला आम्ही मसुदा परत केला. तो दुखावला. "भाऊ कोणाला नाही म्हणत नाहीत," असे तो म्हणाला. त्याच्या मते ती स्तुती होती.

पुढच्या निवडणुकीत माझ्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, मी तीन प्रश्न विचारणार आहे. आपण शस्त्र परवान्यासाठी शिफारस करता का? केली असल्यास कोणाची, हे जाहीर कराल का? आणि ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत अशा आपल्या माणसाचा परवाना रद्द होत असेल, तर मध्ये पडणार नाही असे सांगाल का? वाचकांनीही विचारावेत, अशी विनंती आहे. फक्त त्याआधी, एखाद्या आप्ताने पुढे केलेल्या कागदावर आपली सही आहे का, तेही पाहून घ्यावे.

अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. वडिलांची बंदूक ठाण्यातच आहे. तिची पावती मी पुतण्याकडून मागून घेतली आणि त्याच जुन्या खातेवहीत ठेवली आहे.

जय जिनेंद्र.