कशेळीचा हत्ती

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघावे. भाट्याची खाडी, पावस, पूर्णगड मागे टाकून मुचकुंदीचा पूल ओलांडावा, म्हणजे थोड्याच वेळात राजापूर तालुक्यातली कशेळी येते. वाटेत सडा लागतो. देशावरच्या वाचकांना सांगायला हवे, की हा अंगणात घालायचा शेणसडा नव्हे. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. भाद्रपदात त्यावर सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले दाटतात. दिवाळीपर्यंत गवत पिवळे पडते आणि मग उरतो नुसता काळा कातळ.

कशेळीची ख्याती आहे ती कनकादित्यामुळे. सूर्याची मूर्ती प्रभासपाटणहून गलबतातून निघाली, इथल्या समुद्रात गलबत अडले, मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या गणिकेला दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा या गावासंबंधीचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपटही प्रसिद्ध आहे. पाहा, दान देणाऱ्या राजाचे नाव राहिले, स्वप्न पडलेल्या गणिकेचेही राहिले. पण त्याच गावच्या सड्यावर ज्याने हत्ती कोरला, त्याचे?

हा हत्ती लांबीला सुमारे साठ फूट आहे. कातळावर आडवा पसरलेला. जवळ उभे राहिले तर पायाशी नुसती एक चर दिसते. ती धरून चालू लागावे, तेव्हा कुठे पाठ कळते, मग सोंड, मग पाय. आणि त्या पोटात काय काय! जमिनीवरचे प्राणी आहेत, पाण्यातले मासे आहेत. लहानमोठी सत्तरांवर चित्रे एका हत्तीच्या रेषेत सामावली आहेत. मौज अशी, की ज्याने हे काढले त्याला ते एका नजरेत कधी दिसलेच नसावे. आज आपण उडत्या कॅमेऱ्याने वरून पाहतो. त्याने मात्र सारा हत्ती मनात धरून, वाकून, हाताहाताने रेषा पुढे नेली असली पाहिजे. घराच्या भिंतीवर सरळ गणपती काढताना आपली कोण तारांबळ उडते!

युरोपात अशा निनावी कलावंतांची निदान बारशी तरी करतात. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात चौदाव्या शतकात गॉथिक शैलीचा एक चित्रकार होऊन गेला. नाव कुणाला ठाऊक नाही. एस्तामारिउ या खेड्यातल्या देवळासाठी त्याने वेदीमागची चित्रे रंगवली, म्हणून पंडित त्याला ‘एस्तामारिउचा उस्ताद’ म्हणतात. चेहऱ्यांची ठेवण, वस्त्रांच्या चुण्या पाहून ‘हाही त्याचाच हात’ असे ठरवतात. मग आपण ‘कशेळीचा उस्ताद’ का म्हणू नये? उक्षीच्या सड्यावरही एक हत्ती आहे, आटोपशीर, सुबक. माझ्या मते तो हात निराळा. बारसूला दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस आहे, तो तिसराच कुणी. काळाविषयी पंडितांत एकमत नाही. काहींच्या मते यांतली चित्रे दहा हजार वर्षांपूर्वीची. शिवाय एकेक चित्र एकट्याचे की साऱ्या वस्तीचे, हे कातळ सांगत नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायांखाली घालून अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. २०२२ साली कोकण-गोव्यातल्या नऊ ठिकाणांची नावे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. कशेळी त्यांत आहे. पण यादीने कातळ राखला जात नाही. याच जांभ्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो, आणि चिरेखाणीच्या यंत्राला रेघ आणि भेग यांतला फरक कळत नाही. रस्त्यांखालीही काही चित्रे गेली. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासायला सुरुवात झाली, तेव्हा गावकऱ्यांच्या विरोधाबरोबर त्या वाघांमधल्या माणसाचेही नाव वर्तमानपत्रांत आले. उक्षीला मात्र गावाने आपल्या हत्तीभोवती कठडा घालून घेतला आहे.

जाणार असाल तर सकाळी लौकर जा, नाहीतर उन्हे कलल्यावर. रेषा उथळ आहेत; भर दुपारी कातळ सपाट दिसतो आणि हत्ती नाहीसा होतो. उन्हे तिरपी झाली की चरीत सावली भरते. मुलांना बरोबर न्या, पण चपला काठावर काढायला सांगा, आणि रेषेत खडू भरून छायाचित्र घेण्याचा मोह आवरा.