जाफराबादला काय वाचतात?

महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. एक विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते. परीक्षेत हमखास घोळ घालणारी जोडी! आपल्याला जायचंय ते या दुसऱ्या पूर्णेच्या काठी. तिला खेळणा नावाची नदी जिथं येऊन भेटते, तिथं जाफराबाद आहे. जालन्याच्या उत्तरेला, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीला लागून. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता.

गाव जुनं. औरंगजेबाच्या दरबारातल्या जाफरखानाकडे हे जहागीर होतं, त्याच्यावरून नाव पडलं. गावाला दगडी तट होता, आत गढी होती. मुख्य मशिदीवर एक फारसी शिलालेख आहे. औरंगजेबाच्या हुकमावरून हिजरी सन १०७६ मध्ये ही मशीद बांधली, असं त्यात कोरल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांचं हे लिखाण गावात रोज सगळ्यांच्या समोर असतं, आणि वाचता येणारा मात्र शोधावा लागतो. उर्दू शिकलेल्यांना अक्षरं लावता येतात, पण फारसीचा अर्थ लागेलच असं नाही.

तिथूनच डोक्यात आलं, की या गावात लोक वाचतात तरी काय? आणि वाचून त्यांना काय वाटतं? शिकलेली माणसं पाहुण्याला पहिला प्रश्न 'किती पुस्तकं वाचलीत?' असा विचारतात. आम्ही ठरवलं, 'किती' विचारायचंच नाही. 'कसं वाटलं?' एवढंच विचारायचं.

सुरुवात बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर झाली. तिथं एक वर्तमानपत्र आलं की त्याचे चार भाग होतात आणि चार बाकांवर जातात. शेतीचं पान सगळ्यात आधी संपतं. या भागात कापूस, मका, सोयाबीन पिकतं, शिवाय बऱ्याच शेतात पांढऱ्या जाळीची शेडनेट दिसतात. त्यात भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. त्यामुळे शेतीचं वाचन म्हणजे इथं करमणूक नाही, हिशेब आहे. 'ॲग्रोवन' हे शेतीला वाहिलेलं दैनिक २००५ पासून निघतं, ते हातात असलेल्या एका काकांना विचारलं, "कसं वाटतं?" ते म्हणाले, "चांगलं असतं. पण ज्याची यशोगाथा छापतात त्याच्या विहिरीला पाणी असतं. बिनपाण्याच्या माणसाची यशोगाथा छापा म्हणावं एकदा."

बघा, टीका करायला समीक्षक कशाला लागतात?

जवळच्या अभ्यासिकेत तरुण मुलंमुली बसली होती. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. सगळ्यांपुढे जाडजूड पुस्तकं. एक ताई हसून म्हणाली, "आवडीचं काय ते विचारू नका. मार्काचं काय ते विचारा." पण तिच्या पिशवीत तळाशी एक कादंबरी होती. 'बारोमास'. लेखक सदानंद देशमुख शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले, या पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात एकनाथ नावाचा शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. नोकरी मिळत नाही आणि शेतीही साथ देत नाही. (मोठ्या माणसांचं पुस्तक आहे ते, तुम्ही सवडीनं वाचा.) ताईनं ते वडिलांना दिलं होतं. वडिलांनी दोन प्रकरणं वाचून मिटवलं. "आपल्याच घरातलं काय वाचायचं?" म्हणाले. आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा उघडून बसले. ताईला दिवा दिसला म्हणून कळलं.

आता नव्वदी ओलांडलेल्या एका आजोबांकडे जाऊ. त्यांच्या लहानपणी इथं निजामाचं राज्य होतं. प्राथमिक शाळेत मराठी चाले, पण वरच्या शाळेत बहुतेक विषय उर्दूतून. सरकारी कागद उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. त्या आधीच्या दिवसांत मराठी वाचणं हे साधं काम नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून 'मराठवाडा' नावाचं साप्ताहिक काढलं, तर निजाम सरकारनं त्यावर बंदी घातली. मग तेच साप्ताहिक दुसरं नाव लावून निघे! त्यावर बंदी आली की तिसरं नाव. विचार करा, एखादं साप्ताहिक घरात सापडलं म्हणून पोलीस दारात! तुमच्या हातातल्या या अंकासाठी असं कोणी लपूनछपून वागेल का? आजोबांना मी विचारलं, "आता काय वाचता?" भिंग पुसत ते म्हणाले, "पेपर. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जाहिरातीसुद्धा. पण एक सांगू का? तेव्हाचा एक कागद दहा जण वाचायचे. आता दहा कागद येतात, अन् एक जण चाळतो."

त्यांच्या शेजारच्या घरात तर वाचणारी एक आणि ऐकणारे पाच! श्रावणात तिथं 'नवनाथ भक्तिसार' लावतात. चाळीस अध्याय, ओवीबद्ध. पोथी नात वाचते, सहावीतली. आजींना अक्षरओळख नाही, पण नात अडखळली की आजी डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगतात. इतक्या वर्षांच्या ऐकण्यानं पोथी पाठ झालेली. मग आजी वाचक की नाही? मी म्हणेन, पक्क्या वाचक. कारण त्यांचं मतही तयार आहे. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले आणि शिष्य गोरखनाथानं त्यांना सोडवून आणलं, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. आजी म्हणाल्या, "गुरू मोठा खरा. पण बाबा, शहाणा गोरखच. सोन्याची वीट फेकून दिली त्यानं. गुरूला झोळीतून टाकवली नसती ती."

मुलांची मतं ऐकायला तालुक्यातल्या एका शाळेत गेलो. आठवीचा वर्ग. सुरुवातीला सगळे एका सुरात, "वाचनानं ज्ञान वाढतं, सर." भाषणातलं वाक्य ते. पण 'श्यामची आई'चं नाव काढलं आणि वर्ग फुटला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक बहुतेकांना माहीत होतं. मागच्या बाकावरचा एक जण उठला.

"सर, श्यामची आई त्याला पोहायला जात नाही म्हणून मारते. माझी आई मला पूर्णेत पोहायला गेलो म्हणून मारते. मंग चांगली आई कोणती?"

वर्ग खदखदून हसला. पण एका मुलीनं हात वर केला. "दोन्ही सारख्याच. त्या आईला वाटतं पोरगं भित्रं राहील, या आईला वाटतं पोरगं बुडेल." बाई गप्प, मी गप्प. हे उत्तर कुठल्या गाईडात नाही हो!

फास्टर फेणेवरही खटला चालला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा, सायकलवरून सुसाट जाणारा, 'ट्टॉक' करणारा. आवडतो सगळ्यांना. तरी तक्रार होतीच: "त्याला बघावं तेव्हा वेळ असतो. त्याला कापूस वेचायला कोणीच काहून बोलवत नाही?" दिवाळीच्या आसपास इथल्या पुष्कळ मुलांची सुट्टी कापसाच्या शेतात जाते. त्यांना हवाय असा फेणे, जो सरीतून पळत चोर पकडेल आणि संध्याकाळी ओटीतला कापूसही मोजून देईल. लेखक मंडळी, ऐकताय ना?

मग मी त्यांना त्यांच्याच नदीची एक गोष्ट सांगितली. खेळणेच्या काठी वरच्या अंगाला असई गाव आहे. तिथं २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. वाटाड्यांनी त्याला सांगितलं, नदीला इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, या काठाला एक गाव आणि बरोबर समोरच्या काठाला दुसरं. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे लोक ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच! आणि तो निघालाही. वेलस्ली हुशार, वाटाडे अडाणी, अशीच ही गोष्ट सगळीकडे सांगतात.

पण पोहणारा तो गडी पुन्हा उठला. "सर, वाटाडे इथलेच होते ना? नदीला उतार कुठं हे त्यांना माहीत नाही, असं कसं? ते मुद्दाम खोटं बोलले असतील."

खरं काय, ते सांगायला वाटाड्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. लिहिलं ते इंग्रजांनी. पण दोनशे वर्षांची गोष्ट एका आठवीतल्या मुलानं उलटी करून दाखवली की नाही?

आता त्या शाळेच्या कपाटाबद्दल. पुस्तकं आहेत, पण मुलं जास्त. त्यातलं सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे एक विनाकव्हराचं पुस्तक. नाव नाही, लेखक नाही. पहिली काही पानं गेलेली, पान ८८ नंतरची सगळी गेलेली. सुतळीनं शिवलंय. गोष्ट अशी: बहीणभाऊ सुट्टीत कोकणात मामाकडे जातात. एका रात्री दीपगृहाचा दिवा अचानक बंद पडतो. दोघं कंदील घेऊन खडकावरून तिथं पोचतात, जिना चढतात, भाऊ दार ढकलतो आणि... पान संपलं! या वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण त्या दारामागं काय आहे यावरून वर्षभर भांडणं चालू आहेत. एकाचं म्हणणं, आत चोरटा माल उतरवणारे आहेत. दुसरा म्हणतो, दिवा लावणारे बाबा आजारी पडलेत. 'दोन्ही सारख्याच' म्हणणाऱ्या मुलीनं तर वहीची चार पानं लिहून पुस्तकात खोचली. तिच्या गोष्टीत आत कोणीच नसतं आणि दिवा बहीणच लावते. ते मुलांना पटलं नाही, म्हणून त्यांनीही आपापले शेवट लिहून खोचले. आता पुस्तक जो घरी नेतो, त्याला पान ८८ पर्यंतची गोष्ट आणि तीन शेवट मिळतात. परत करताना कुठला आवडला ते सांगावं लागतं. सध्या आजारी बाबा एका मतानं पुढे आहेत.

निघताना मी विचारलं, "हे पुस्तक कोणतं, ते आमच्या वाचकांना विचारू का?" वर्गात कुजबुज झाली, मग त्या मुलीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "विचारा. पण कोणाला माहीत असलं तर शेवट पत्रात लिहू नका म्हणावं. पुस्तकच पाठवा. अन् आमचे कागद आम्ही काढणार नाही."