टाकीचा आवाज

तालुक्याच्या गावातील त्या घरी नळाला एक दिवसाआड, पहाटे चार वाजता पाणी येई आणि तासाभरात जाई. अंगणातील हौद लहान होता. नळ चालू असतानाच पाणी पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले, तरच ते दोन दिवस पुरे. हे काम आजींचे. पंप सुरू करून त्या जिन्याच्या पायरीवर बसत आणि कान देऊन ऐकत. घागर भरताना तिचा आवाज आधी पोकळ असतो आणि पुढे बारीक होत जातो, टाकीचेही तसेच. तो पुरेसा बारीक झाला की आजी पंप बंद करीत. एका पावसाळ्यात मात्र त्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. ते सांधले, तरी पहाटेचे उठणे काही थांबेना.

सातवीत शिकणाऱ्या नातवाला हे पाहवेना. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने आर्डुइनो पाहिले होते. पोस्टकार्डाहून लहान अशी ही विद्युत्-पाटी २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिला सूचना लिहून दिल्या की ती त्याबरहुकूम वागते. नातवाने तिला एक संवेदक जोडून तो टाकीच्या झाकणाखाली बसविला. त्याला दोन वाटोळे डोळे होते. पण दिसायलाच डोळे, काम तोंडाचे आणि कानाचे! एकातून सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा नाद निघतो. माणसाच्या कानाची धाव वीस हजारांपर्यंतच, म्हणून तो आपणांस ऐकू येत नाही. तो पाण्यावर आपटून परतला की दुसरा डोळा त्याला टिपतो. पाणी एक मीटर खाली असेल, तर या येण्याजाण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भाग लागतात. वेळेवरून अंतर कळते आणि अंतरावरून पाणी. हौदात पाणी आल्याची वर्दी एक तरंगता गोळा देई. पंपाच्या २३० व्होल्टच्या प्रवाहाला मात्र मुलाने हात लावला नाही. रिले जोडण्यास वायरमन आला.

महिनाभर सारे सुरळीत चालले. मग थंडीतील एका पहाटे पंप सुरूच झाला नाही. घर निर्धास्त निजले होते. आजीही कित्येक वर्षांनी उजाडेपर्यंत झोपल्या होत्या. सकाळी पाहावे तो नळ कोरडा, हौद भरलेला आणि टाकीच्या तळाशी चार बोटे पाणी. हौद उपसूनही टाकी निम्मी होईना. नातवाने शेजारच्या विहिरीवरून कळश्या वाहिल्या. त्याला कोणी रागावले नाही. त्यामुळेच ते त्याला अधिक लागले असावे.

झाकण उघडल्यावर कारण दिसले. टाकीतील वाफ गार झाकणाखाली धरून संवेदकाच्या डोळ्यांवर थेंब जमले होते. नाद तेथेच अडखळे आणि पाणी काठाशी आले, असे यंत्र समजे. टाकी भरलेली असता पंप कशाला लावावा? यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली होती.

"आजी, तुझा अंदाज कधी चुकला नाही का गं?" त्याने विचारले.

"चुकायचा की. पण एकट्या कानावर मी कुठं विसंबत होते? मधूनमधून हौदात डोकवायची. पंप चालू आहे आणि हौद उतरत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय."

नातवाने वही काढली. ओलाव्याने न बिघडणारा, बंदिस्त संवेदक आणला. त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरांच्या आतील अंतर मोजता येत नाही, म्हणून तो झाकणावर उभ्या केलेल्या नळीत उंच बसवावा लागला. टाकीतही एक तरंगता गोळा सोडला. दोघांचे म्हणणे जुळले, तरच टाकी भरली असे मानावयाचे. न जुळले, किंवा पंप चालू असून पाच मिनिटांत पातळी हलली नाही, तर घंटा वाजवावयाची. घंटा त्याने आपल्या उशाशी बसविली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पंप आपोआप सुरू झाला. घंटा वाजली नव्हती, तरी नातू उठून जिन्याकडे आला. आजी शाल पांघरून पायरीवर बसल्याच होत्या.

"तू कशाला उठलीस?"

"तू का उठलास?" त्या म्हणाल्या, आणि ओठांवर बोट ठेवून ऐकू लागल्या. तोही शेजारी बसला. बराच वेळ गेला. "आता," आजी हळूच म्हणाल्या. दोन-तीन क्षणांनी पंप थांबला.